पडलं म्हणा

आधी माफी मागतो. माझं लग्न झालेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अशा मुलानं बाईच्या पोटातल्या दुःखावर लिहावं का, हे मला अजून नीट कळत नाही. पण जिच्याविषयी लिहितोय ती स्वतःच भाकऱ्या थापता थापता हे सगळं मोठ्यानं बोलायची, म्हणून धीर करतोय.

कोल्हापुरात शिकताना मी जिथं जेवायचो ती मेस सासू-सुना चालवायच्या. सासूला आम्ही पोरं मावशी म्हणायचो, सुनेला वहिनी. वहिनींचे मालक, म्हणजे आमचे दादा, कागलच्या एमआयडीसीत कामाला. मी चंदगडचा, भात खाणारा. माझ्या ताटात भाकरी टाकताना वहिनी हमखास म्हणायच्या, "चंदगडची माणसं चार भाकऱ्या खाऊन वर इचारत्यात, आता जेवायला कवा?" आणि न मागता भाताचं पातेलं पुढं सरकवायच्या.

वहिनींना तिसरा महिना होता. एके सकाळी दादा कंपनीच्या पाळीला गेलेले, मावशी मंडईत. रक्त दिसलं तशा वहिनी एकट्याच रिक्षा करून दवाखान्यात गेल्या. मागून मावशी पोचल्या तेव्हा डॉक्टरीणबाई नर्सला सांगत होत्या, "आपोआप झालेला गर्भपात." मावशींनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा धरला. गर्भपात ही करून घ्यायची गोष्ट, एवढंच त्यांना ठाऊक. त्यात सून न सांगता गेलेली, एकटी गेलेली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर त्यांच्या तोंडी एकच: "सुनंनं पाडलं."

बघा, फरक एका कान्याचा. पुढं व्याकरणाच्या तासाला सरांनी फळ्यावर 'पडणे, पाडणे' असं लिहिलं, तेव्हा मी ते वहीत उतरवलंच नाही.

एकदा शेजारच्या काकी भाकऱ्या न्यायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "कशापायी पाडलंस गं?"

वहिनींचा हात पिठावर थांबला. "थांबा काकी. पडलं म्हणा."

"त्येच की ते."

"त्येच कसं? पावसात तुमची भिंत पडली आन् तुम्ही ती पाडली, एकच व्हय?"

काकी हसल्या. आम्हीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या बायका असल्या गोष्टी पदराआड कुजबुजतात. वहिनी म्हणायच्या, "चोरी केलीया काय म्या?" आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं जो येईल त्याला ऐकवायच्या. सुरवातीलाच गर्भाची जुळणी चुकली की बहुतेकदा असं होतं. घागर उचलल्यानं नाही, भाकऱ्या थापल्यानं नाही, कुणाच्या दोषानं नाही. पुन्हा दिवस राहतात, बहुतेकींचं पुढं सुखरूप होतं. अंगाला आणि मनाला बरं वाटू दे, मग बघा.

"मग बघा की! वाट कुणाची?" मावशी आतून ओरडायच्या.

"अंगाला बरं वाटलंय, आई," वहिनी म्हणायच्या, आणि पुढचं बोलायच्या नाहीत.

पुढचं एका दुपारी बोलल्या. आम्ही दोघं-तिघं जेवत होतो, दादाही. त्या सरळ म्हणाल्या, "तुम्ही एकदा आईंच्या म्होरं म्हणा, हिनं काय केलं न्हाई. मग दुसऱ्याचं बघू. पयल्याला मी मारलं म्हणत्यात, त्या घरात दुसरं कसं आणू?"

दादा ताटात भाकरी कुस्करत राहिले. "आईला कोण समजावणार," एवढं पुटपुटले.

मावशींनी ऐकलं होतंच. "माझ्या लेकाला काय शब्दानं पोर हुणार हाय व्हय? आमटी वाढ त्येला, कोरडं खायला लागलंय."

मावशी वाईट नव्हत्या, हेही लिहायला हवं. मला ताप आला तेव्हा त्या रूमवर पेज घेऊन आल्या होत्या. स्वतःच्या हातानं पाजली. म्हणून तर मला हे जास्तच कडू लागतं.

वहिनींनी वाट बघितली. दादांच्या सुट्टीच्या दिवशी त्या मुद्दाम मायलेकांची ताटं समोरासमोर मांडायच्या आणि वाढता वाढता नवऱ्याच्या तोंडाकडं बघायच्या. दादा मीठ मागायचे. वहिनी मीठ द्यायच्या.

परीक्षा संपली, मी गावी आलो. निकाल लागल्यावर सांगायला वहिनींच्या नंबरवर फोन केला. मावशींनी उचलला. मी पास झालो ऐकून त्यांना खरंच आनंद झाला.

"आमच्यातबी गोड बातमी हाय बाळा. सुनंला दिवस गेल्यात."

"दादा बोलले काय तुमच्याशी?"

"काय बोलायचं?"

मी म्हटलं, वहिनींना द्या की जरा फोन.

"आत निजलीया. मेस बंद ठेवलीया आता. फोनबी माझ्याकडंच. दवाखान्याला मीच संगट जातो. ह्या टायमाला तिला एकटीला उंबऱ्याबाहीर सोडणार न्हाई बघ. एकदा केलंय तिनं, परत करायला कितीसा येळ लागतोय?"