लीलाधरची थरथरणारी चप्पल

शहरातल्या शनवारा भागात मोबाईल दुरुस्त करणारा लीलाधर चपलाही बनवतो, हे ऐकून लोक हसतात. हसू देत. शुगरनं बधिर झालेल्या पायात खिळा घुसला तरी माणसाला पत्ता लागत नाही. मग जखम सडते आणि मोठ्या शहरातला डॉक्टर पाय कापून मोकळा होतो. लीलाधरच्या आईचा पाय असाच गेला. तेव्हापासून हा दहावी नापास माणूस व्हिडिओ बघून बघून शिकला. पावलाचे चारी बाजूंनी फोटो काढायचे, संगणकावर साचा करायचा, थ्रीडी प्रिंटरवर मऊ तळ छापायचा. तळात दाब ओळखणारे चार सेन्सर. एका जागी भार वाढला की पोटरीच्या पट्ट्यातली, मेलेल्या मोबाईलमधून काढलेली मोटर थरथरते. बाई, पाय उचल!

तुकईथड गावच्या रंभाबाईंना त्यानं असा जोड करून दिला. त्यांच्या उजव्या तळव्याची जखम नुकतीच भरली होती. पुन्हा उघडली तर पाय वाचणार नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

महिन्याभरात तळवा लाल झाला.

चपलेतल्या चिपवरची नोंद रोज एकच: सकाळी आठ ते बारा, दाब शून्य. "रोज घालते ना, माय?" "रोज." मग मशीनच खराब. लीलाधरनं वायर बदलली. शून्य. सेन्सर बदलले. शून्य. तिसऱ्या खेपेला मोटरसायकलवरून उतरला तेव्हा कंबर धरली होती आणि डोकं तापलं होतं.

घरी सून चारुलता होती. "सासूबाई बागेत गेल्या, भाऊ. पाणी घ्या."

"पाणी राहू द्या. चप्पल कुठंय?"

"घालूनच गेल्या ना!"

केळीच्या बागेच्या बांधावर चप्पल जोडीनं ठेवली होती. ऊन लागू नये म्हणून वर केळीचं पान. आत, ओल्या मातीत, रंभाबाई अनवाणी वाळकी पानं कापत होत्या.

"माय, दोनदा मशीन खोलली मी! तू घालतच नाहीस!"

"घालते ना. घरून इथवर, अन् इथून घरी."

"आणि इथं?"

रंभाबाईंचा विळा थांबला. "बागेत चप्पल घालून कोण जातं रे? जिचं खातो तिच्यावर जोडे? शहरात राहून पार बिघडला तू."

लीलाधर ओरडणार होता. मग त्यानं खाली पाहिलं. बांध उतरताना स्वतःचे बूट त्यानंही काढले होते. कधी, ते कळलंही नव्हतं. तो मटकन बसला. 'रोज' विचारलं, 'कुठं' विचारलंच नाही. चूक आपलीच.

"जखम होती तेव्हा कशी यायची?"

"फडकं बांधून."

"फडकं चालतं?"

"फडकं म्हणजे काय जोडा आहे का?"

म्हणजे पट्टे नकोत, टाच नको, चपलेचा आकारच नको. पातळ तळ सुती फडक्यात शिवायचा, ओल आत जाऊ द्यायची नाही. सगळं पहिल्यापासून. त्याला नुसत्या विचारानंच थकवा आला.

"पंधरा दिवस लागतील. तोवर आत पाय टाकायचा नाही."

"पंधरा? बाग तशीच सोडू? आठ दिवस बांधावर बसेन. नवव्याला आत."

"माय, आठ दिवसांत कसं होईल?"

"ते तू पाह्य. मशीन तुझी आहे."

भांडायचं त्राण उरलं नव्हतं. "आठ दिवस. पण बस इथंच."

रंभाबाई बांधावर टेकल्या. लीलाधरनं बाटलीतल्या पाण्यानं तळवा धुतला. चप्पल केली तेव्हाच्या मापापेक्षा पाय बराच सुजला होता. त्यानं मोबाईल काढून नव्या साच्यासाठी पहिला फोटो घेतला.