माघारी न गेलेला विचार

मामा गेल्याचा निरोप घेऊन चुडाव्याचा गाडीवान पाथरीला आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते हे, "शेवटी प्रभुभोजन घेतलं का त्यांनी?" बिचारा गोंधळला. "जेवन? कुटलं जेवन, बाई... पानी बी गिळत नव्हतं." त्याला काय सांगणार? आमच्या ख्रिस्ती मंडळीत भाकरीचा तो तुकडा मन निर्मळ करून घ्यायचा असतो, आणि त्यांचा मुलगा योहान गेल्यापासून मामांनी तो तोंडाला लावला नव्हता.

शमुवेलमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, चुडाव्याला स्टेशनाजवळच्या करोडगिरी नाक्यावर शिपाई होते. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं, गाठोडं सोडायला लावायचं. हीच सवय त्यांनी स्वतःच्या मनालाही लावली होती. जेवता जेवता हात थांबायचा आणि मामा मोठ्यानं विचारायचे, "कुटून आलास रं? गाठोड्यात काय हाय?... जा माघारी!" कधी शेजाऱ्याच्या बैलजोडीचा हेवा असायचा, कधी मेव्हण्याचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, राग. आम्ही पोरी तोंडात पदर कोंबून हसायचो. मार्थामामी वैतागायची, "सरकारचा नाका तिकडंच ठिवून यावा की मानसानं!" मामा तिच्यावर कधी चिडले नाहीत. म्हणायचे, "हातानं पाप व्हायच्या आदी ते मनात व्हतंय. तितंच अडवावं लागतंय."

योहान त्यांचा एकुलता एक मुलगा. एका रविवारी दौऱ्यावर आलेल्या अमीनानं, म्हणजे पोलीस अधिकाऱ्यानं, त्याला वेठीला धरलं, सामान उचल म्हणाला. योहान म्हणाला, आज प्रार्थनेचा दिवस आहे, उद्या नेतो. इतकंच. त्याला असा मारला की पोरगा पुन्हा बाजेवरून उठला नाही. फिर्याद कुणाकडे करायची? फिर्याद घेणारा तोच. पुढेही तोच अमीन टांग्यातून नाक्यावरून जायचा आणि मामांनी उभं राहून सलाम ठोकायचा. नोकरीच ती!

त्यानंतर पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रार्थनेला आले की मामा मागच्या भिंतीला टेकून बसत आणि प्रभुभोजनाचं ताट समोर आलं की नुसती मान हलवत. आम्ही बाकीचे त्या अमीनाला पोटभर शिव्याशाप देऊन खुशाल भाकर घेत होतो. एकदा मला राहवलं नाही. "मामा, मारलं त्यानं आणि उपाशी तुम्ही? हा कुठला न्याय?"

"सलाम करताना रोज त्याला ठार मारायलोय मी, पोरी," मामा म्हणाले. "त्या ईचाराला लय अडवतो. कुटून आलास म्हनतो. त्यो सांगतो, तुज्या योहानकडून... आता पोराकडून आलेल्याला माघारी कसा धाडू?"

पाळकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मामी रडली, मी चहा ठेवला. दुसरं करणार काय होतो आम्ही? दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा सलाम ठोकायला गेले. माणूस डोळ्यांदेखत खंगत गेला. मला आजही त्या सलामाची चीड येते, आणि त्याहून जास्त त्या मान हलवण्याची. इतका चांगला माणूस स्वतःला असा दाराबाहेर का उभा करतो?

माती झाल्यावर मामीनं शेवटच्या दुपारचं सांगितलं. पाळक बाजेशी भाकर घेऊन आले होते. मामांनी तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं. ओठ हलले. मामीनं कान जवळ नेला. "त्यो ईचार अजून आतच हाय... थांबा जरा." पाळकांनी तो तुकडा कोनाड्यात ठेवला, वर वाटी पालथी घातली आणि ते वाट पाहत बसले. दिवेलागणीच्या आत मामा गेले.

देव समजून घेईल, असं पाळक म्हणाले. घेईलही. मी आता महिन्यानं पुन्हा चुडाव्याला गेले, तेव्हा झाडता झाडता ती वाटी उचलली. खाली तुकडा तसाच, वाळून कडक झालेला. "मामी, काढू का हा?"

"ऱ्हाऊ दे," मामी म्हणाली. "त्यांनी न्हाई कुटं म्हनलंय? थांबा म्हनलंय."

मी वाटी परत पालथी घातली.