वकीलबाईचा तराफा

त्या दुपारी मी आणि बायको अंगणात थर्माकोल कोरत होतो. मी ठोकळा धरला होता, ती करवतीच्या पात्यानं त्याच्या खालच्या अंगाला लांब नाली पाडत होती. माझा हात जरा हलला. "नीट धरा की. तराफा हाय, पाळणा न्हाई," म्हणली. पांढरा भुगा तिच्या केसात बसला होता. नाली संपली तशी "च्या ठेवते" म्हणून उठली, आणि भिंतीला धरून खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत गेलेली होती.

नांदेडच्या खाली गोदावरीकाठी आमची भोयांची वस्ती. तिथं माझ्या बायकोला सगळे वकीलबाई म्हणत. वाचायला तिला येत नव्हतं, मलाही चौथीपुरतंच येतं. पण कुणी नियम सांगितला की ती एकच विचारायची, "ते झालं. त्यात काय लिहिलं न्हाई, ते सांगा." नवी नवरी असताना माझी आई तिला म्हणली, सुनेनं सासऱ्यासमोर बोलू नये. तर ही दाराआडून बोलायची. "समोर कुठं हाय मी?"

दरसाल पूर उतरला की वस्तीत तराफ्यांची शर्यत असते. थर्माकोल, बांबू, ताडपत्री, सुतळी, एवढंच वापरायचं. लांबी-रुंदी ठरलेली, माणूस एक, वल्हं एक. नियम माझा धाकटा भाऊ नामदेव बघतो. कुण्या पैसेवाल्यानं फायबरची होडी आणून आम्हाला मागं टाकू नये, म्हणून ते केलेले. तिला ते पटायचे. म्हणायची, "नियम चांगला हाय. गरिबाला कुणी हाकलू नये म्हणून हाय. पण गरिबानं डोकं चालवू नये, असं कुठं हाय त्याच्यात?"

एका साली तिनं तराफा उभा चिरला. दोन बारीक पट्ट्या केल्या आणि बांबू आडवे टाकून एकमेकींपासून लांब बांधल्या. रुंदी ठरली तेवढीच, पण मधून पाणी मोकळं. बाकीचे पाणी ढकलत राहिले, मी त्यावरून निघून गेलो. पुढच्या साली नामदेवनं नवा नियम काढला, तराफा अखंड पाहिजे.

"भावजी, अखंड वरून का खालून?"

नामदेवनं टेप गुंडाळून खिशात घातला. मग म्हणला, "वैनी, तुम्ही काय माणसाला जगू देत न्हाई."

मग तिनं वरचा थर शाबूत ठेवला आणि खालून नाली कोरली. दिसायला एक, पाण्यात दोन. पण ताडपत्री नेहमीच्या सवयीनं सरळ गुंडाळली. ती नालीवर ताणलेली राहिली, आत पाणी भरलं, आणि मी नदीच्या मधोमध म्हशीसारखा बसलो. काठावर सगळे हसले, सगळ्यात जास्त ती. "मला नियमानं न्हाई पाडलं, ताडपत्रीनं पाडलं," म्हणली. यंदा चिरलेल्या बांबूच्या काड्या लावून ताडपत्री नालीत दाबून बसवायची, हे तिचं ठरलेलं होतं. ते काम राहिलं. तेरवीच्या आत मी पुरं केलं. लोक म्हणले, म्हातारा दुःखात हे काय करून राहिला. दुःखातच करून राहिलो होतो.

तेरवीच्या संध्याकाळी नामदेव आला. शर्यत दुसऱ्या दिवशी होती. त्यानं झेंडूचा हार आणला होता, तो तराफ्याला घातला.

"दादा, वैनीच्या नावानं ह्याला काठावर मानानं ठेवू. पाया पडून शर्यत सुरू करू. तू पाण्यात उतरू नको."

"नियमात बसत न्हाई का?"

"बसतो. पण बुडाला तर? वैनीची शेवटची वस्तू हाय."

तिच्यासारखं बोलणं मला येत नाही. म्हणलं, "नाम्या, जिती होती तवा नियम काढून अडवलंस. आता हार घालून अडवून राहिलास. बुडंल तर बुडंल. पाया पडायला न्हाई केला तिनं."

तो हार तसाच ठेवून गेला.

सकाळी हार काढून शेळीपुढं टाकला. तराफा डोक्यावर घेऊन रांगेत नेऊन ठेवला. नामदेव टेप घेऊन उभा होता. म्हणलं, "मोज." त्यानं मोजला, उलटा करून नालीतल्या काड्यांवरून बोट फिरवलं, आणि बाजूला झाला. मी तराफा पाण्यात लोटला, वर बसलो आणि वल्हं मारलं.