काकांच्या कॉम्प्युटरवरचा नाका

आमच्या शेजारच्या काकांना विचारल्याशिवाय या जगातली एखादी वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी जात असेल, यावर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. पोलादपूर सोडून महाबळेश्वरचा घाट चढायला लागलं की पूर्वी जंगल खात्याचा नाका लागायचा. त्या नाक्यावर काकांनी सव्वीस वर्षं कारकुनी केली. लाकडाचा ट्रक असो, कोळशाचा टेम्पो असो, नाहीतर डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी बाई असो, काकांचे प्रश्न तीनच. "कुठून आलात? कुठे चाललात? बरोबर काय आहे?" निवृत्त झाल्यावर नाका सुटला, प्रश्न सुटले नाहीत. त्यांच्या पुतणीला बघायला उमरठहून पाहुणे आले, तेव्हा त्यांनाही काकांनी ओट्यावरच हे तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं मिळेपर्यंत आत पोहे गार झाले. मी महाडला कॉलेजला निघाले की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "बरोबर काय आहे?" "डबा, काका." "भाजी कसली?" "वांग्याची." "जा." ते 'जा' ऐकू येईपर्यंत माझा पाय पुढे पडायचा नाही. मी तेव्हा कुणाशीच फारशी बोलत नसे. काकांशी बोलणं सोपं होतं, कारण प्रश्न आधीच माहीत असायचे.

नाक्यावरचा आडवा बांबू वरखाली करायला कुडपणचे एक तात्या होते. काका रजिस्टर लिहून मान हलवायचे; मान हलली की तात्या बांबू उचलायचे. सव्वीस वर्षांत त्या दोघांमध्ये याहून फार बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. पण तात्यांचा मुलगा हॉटेलात आचारी म्हणून न्यूझीलंडला गेला आणि पुढे तात्यांनाही घेऊन गेला, तेव्हा काका आठ दिवस नीट जेवले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी मुंबईच्या पुतण्याकडून कॉम्प्युटर मागवला. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. आळीत तो पहिलाच. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, आणि ते चालू असलं की घरचा फोन बंद. दर रविवारी सकाळी अकरा वाजता काका मेसेंजर उघडून माइकसमोर ताठ बसायचे. तिकडे संध्याकाळ झालेली असायची.

"काय सायेब, बरा हाय ना?"

"बरा आहे. आज काय काय गेलं?"

मग तात्या खिडकीतून दिसलेल्या गाड्या सांगायचे. एकदा म्हणाले, "हितं नाका नाय, सायेब. कोण कुणाला अडवत नाय. गाड्या नुसत्या जातात."

"मग कोण गेलं ते कळतं कसं?"

"कळत नाय."

यावर दोघेही बराच वेळ गप्प बसले. इंटरनेट चालूच. त्या गप्प बसण्यात त्यांना काय मिळत होतं कोण जाणे, पण ते झाल्यावर काका दुपारी दोन घास जास्त जेवायचे.

अशात महाडच्या एका फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आणि एका लग्नाचे सगळे फोटो गेले. ही बातमी ऐकून काका हादरले. लग्नाचं त्यांना काही नव्हतं. "आपला तात्या त्याच यंत्रातून येतो," ते मला म्हणाले. मग महिनाभर ते एसटीने महाडला खेपा घालून अँटीव्हायरस निवडत होते. दुकानदार सीडी पुढे ठेवायचा आणि काका शिपायाची भरती करावी तशी चौकशी करायचे. मासिकाबरोबर फुकट मिळणारा एक होता, तो तीस दिवसांनी बंद पडायचा. "म्हणजे बदलीवरचा माणूस. त्याचा जीव कशाला लागेल नाक्यावर?" दुसरा परदेशी होता, भारी होता, पण तो चालू केला की कॉम्प्युटर हलायलाच तयार नसे. "हा गाडी तपासत नाही, गाडीतच चढून बसतो." तिसरा पुण्यात तयार झालेला निघाला. "हाकेच्या अंतरावरचा आहे," म्हणून तो पसंत पडला. त्याला दर आठवड्याला नव्या व्हायरसांची यादी पुरवावी लागते असं कळल्यावर काकांना फार आनंद झाला. ती यादी आमच्या फोनच्या तारेवरून उतरवायला अख्खा दिवस गेला असता, म्हणून काका दर गुरुवारी महाडहून सीडीवर भरून आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. कंडक्टरने विचारलं तर सांगायचे, "महाडहून आलो, पोलादपूरला चाललो, बरोबर फरारी गुन्हेगारांची यादी आहे."

पण काकांचं खरं प्रेम जडलं ते फायरवॉलवर. दुकानदार समजावत होता, "काका, अँटीव्हायरस आत शिरलेल्याला पकडतो. फायरवॉल दारात बसते. कुठलाही प्रोग्राम इंटरनेटवर जायला लागला की आधी तुम्हाला विचारते, सोडू का अडवू?"

काका खुर्चीवरून उठलेच. "अहो, मग हा नाकाच की! आधी नाही का सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी काकांनी लांबडं रजिस्टर आणून त्यात रेघा मारल्या. तारीख, वेळ, प्रोग्रामचं नाव, कुठे चालला, सोडला की अडवला, सही. फायरवॉलची चौकट पडद्यावर उमटली की कुंपणापलीकडून हाक यायची, "आला गो कुणीतरी!" मी जाऊन इंग्रजी वाचून दाखवायचे. काकांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण त्यांचा त्या भाषेवर भरवसा नव्हता, माझ्यावर होता. मी महाडच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. "हिला येत नाही असा इंग्रजी शब्द अजून छापला नाही," असं ते चहाच्या टपरीवर सांगत आणि मी रस्ता बदलून घरी जात असे. चौकट वाचून मी निर्णय सांगायचा, काकांनी बटण दाबायचं आणि सहीच्या रकान्यात मी माझी आद्याक्षरं लिहायची. "ज्याने ठरवलं त्याची सही. आणि खाडाखोड चालायची नाही. सव्वीस वर्षांत माझ्या रजिस्टरात एक खाडाखोड दाखव." मी पेन फार जपून धरायचे.

एका गुरुवारी काका शाळेच्या हेडमास्तरांना आपला नाका दाखवायला घेऊन आले होते, आणि नेमकी चौकट उमटली. नाव विचित्र होतं, नुसती अक्षरं आणि आकडे. मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"ओळखीचा आहे का गो?" काकांनी विचारलं.

'माहीत नाही' एवढं म्हणायचं होतं. पण हेडमास्तर कौतुकाने माझ्याकडे बघत होते आणि काका त्यांच्याकडे. मी म्हणाले, "नाही. बाहेरचा आहे. अडवा."

"नक्की?"

"हो."

काकांनी अडवला. 'पुन्हा विचारू नका' या चौकोनातही खूण केली. मी सही केली.

त्या रविवारी तात्या आले नाहीत. मेसेंजर नुसता फिरत राहिला. "लाइन खराब असेल," मी म्हणाले, आणि ते खरंही वाटत होतं, कारण आमची लाइन नेहमीच खराब असे. दुसऱ्या रविवारीही तेच झालं. पण त्या दिवशी मेसेंजर उघडताना खाली क्षणभर एक नाव चमकून गेलं. तीच अक्षरं, तेच आकडे. मेसेंजरने स्वतःला नवं करून घेतलं होतं आणि नाव बदललं होतं, एवढंच. मी अडवलेला माणूस तात्याच होते.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि दुरुस्तीला दोन मिनिटं. पण काका शेजारीच बसले होते. "तात्याला मागे खोकला होता," ते म्हणत होते. "बरा नसेल का गो?" मी ठरवलं, गुरुवारी काका महाडला गेले की गुपचूप येऊन खूण काढून टाकायची. गुरुवारी काकांचे गुडघे धरले, ते गेलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरात पडून राहिले. अकरा वाजता पलीकडे मोडेमची किरकिर ऐकू आली. मग काकांचा आवाज, अधूनमधून, साडेबारापर्यंत. "तात्या? तात्या, ऐकू येतंय का?"

सोमवारी सकाळी त्यांच्याकडे फोन आला. तात्या रविवारी गेले होते. मुलगा सांगत होता, हॉस्पिटलातून काल कितीदा तरी फोन लावला, सारखा एंगेज लागत होता. बाबा म्हणत होते, सायबांना लाव, अकरा वाजले असतील.

मी तिकडे गेले ते आठ दिवसांनी. काका ओट्यावर कुडपणहून आलेल्या तात्यांच्या पुतण्याशी बोलत होते. मी आत जाऊन फायरवॉलची यादी उघडली. खूण कुणीतरी आधीच काढली होती. मग मी रजिस्टर उघडलं. त्या गुरुवारच्या ओळीत सहीच्या रकान्यातली माझी आद्याक्षरं निळ्या शाईने अशी गिरबटून टाकली होती की कुणालाही वाचता येऊ नयेत. खाली काकांची पूर्ण सही होती, हुद्द्यासकट. मी रजिस्टर मिटून जिथल्या तिथे ठेवलं. बाहेर आले तेव्हा काका म्हणाले, "कोकम सरबत घेतेस का?" मी घेतलं. त्याबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

त्यानंतर काकांनी रविवारी इंटरनेट लावलं नाही. अकरा ते साडेबारा फोन मोकळा ठेवून ते त्याच्याजवळ बसायचे. येणारं कुणी नव्हतं. पुढे नोकरीसाठी मी पुण्याला आले, तेव्हापासून दर रविवारी अकराला मी फोन करू लागले. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत ते उचलायचे. "कुठून?" "पुण्याहून, काका." "कुठे चाललीस?" "कुठेच नाही, खोलीवरच आहे." मग तिसरा प्रश्न. "बरोबर काय आहे?"

पाच वर्षं, ते होते तोवर, दर रविवारी ते न सांगितलेलं एक वाक्य माझ्या जिभेवर आलेलं असायचं. दर रविवारी मी म्हणायचे, "काही नाही, काका."

सव्वीस वर्षं गाड्या तपासलेला माणूस तो. मग म्हणायचे, "बरं. जा."