देव पालथे घालत नाहीत

आमच्याकडं कुठलीही जुनी वस्तू निजामाच्या काळातलीच असते. त्याआधी जणू लोक भांड्यावाचूनच जेवत होते. नांदेडच्या सराफ्यात तीस वर्षं मी जुनी चांदी पारखायला बसलो, आणि निजामाच्या म्हणून आणलेल्या अत्तरदाण्या जर्मन सिल्व्हरच्या किती निघाल्या, याला गणती नाही. लोक रागवायचे. मीही काही गोड बोलणाऱ्यातला नव्हतो. आता दुकान सुटलं तरी घर आवरताना लोक बोलावतात, कोणती वस्तू मोडीत घालायची अन् कोणती ठेवायची ते विचारायला.

माझा नियम एकच होता. वस्तू आधी पालथी करायची. तोंड सगळेच नटवतात. सांध्याला डाग कुठं दिला, नाव कुणी खोडलं, वस्तू वापरात होती की नुसती कपाटात, हे सगळं पाठीवर असतं. पानाचा डबा असो की तामण, मी आधी पाठच बघायचो.

याला एकच अपवाद, देवाचे टाक. चांदीच्या पत्र्यावर ठशानं उठवलेले हे देव तळहातावर सरळच धरायचे. देव पालथे घालत नाहीत. आईनं लहानपणीच हे वळण हाताला लावून दिलं होतं. दिवाळीत देवघरातले टाक चिंचेनं घासायचं काम माझं. खंडोबा, भैरोबा मी घासून द्यायचो. आमच्या देवीची मात्र नुसती पुढची बाजू माझ्याकडं. "पाठ मी पुसते, दे इकडं," म्हणून आई ती हातातून काढून घ्यायची. नैवेद्याचं पहिलं पान खंडोबाला नाही, त्या देवीला. माझ्या वाढदिवसाला आधी तिला ओवाळायचं, मग मला. कधी कधी बोलता बोलता आई माझ्या तोंडाकडं बघत थांबायची, तेव्हा मला उगाच धास्ती वाटायची. माझं काही चुकलं असेल, असंच मी धरून चालायचो.

गेल्या उन्हाळ्यात लातूरजवळच्या मुरुडला एका घरी वाटण्यांआधी चांदी बघायला गेलो. सुनेनं चादरीवर करंडे, वाळे, फुलपात्री मांडली. त्यात एक टाक होता.

"ही देवी," सून म्हणाली.

"देव न्हाई ती," तिची सासू खाटेवरून म्हणाली. "माझ्या सासूची सवत हाय. बघा पालथी करून, काय होत न्हाई."

मी पालथी केली. वरच्या कडेला दोऱ्यासाठी कडी होती, आणि पाठ अंगाला घासून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. पहिली बायको मेली की तिच्या नावाचा टाक दुसरीच्या गळ्यात घालायचे, म्हणजे पहिलीची काही इच्छा राहिली असेल तर ती नवीला बाधत नाही. असे टाक मी गल्ल्यावर कितीतरी घेतले होते आणि मोडीत घातले होते. मग मी सवयीनं तिला सरळ केली. हातात शस्त्र नाही. खाली सिंह नाही. नुसती उभी बाई, दोन हात जोडलेली.

आमची देवी अशीच उभी होती.

वजनात फार नाही, पण ठेवा, एवढं सांगून मी निघालो. लातूरहून नांदेडपर्यंत एसटीत मी स्वतःशी भांडत आलो. तीस वर्षं दुसऱ्यांची चांदी पारखली आणि घरातली एक पारखली नाही. नसेल तसं काही, असंही म्हणत होतो. मला भीती वाटत होती, हे खरं.

घरी आल्यावर हातपाय धुतले आणि देवघरातून ती उचलली. साठी ओलांडली तरी तिची पाठ मी कधी बघितली नव्हती. मी तिला पालथी केली. पाठ गुळगुळीत होती. वर कडी नव्हती, पण कडी कापल्याची खूण होती, कानशीनं नीट घासलेली.

ऐंशीच्या घरातली आई पलीकडं गहू निवडत होती. मी टाक तिच्यापुढं ठेवला.

"आई, हिची कडी कुठं गेली?"

तिनं आधी टाक सरळ केला. मग सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मीच कापून घेतली सोनाराकडून," ती म्हणाली. "तू दीड वर्साचा होतास. पहिल्यांदा मला आई म्हनलास. ती माझ्या गळ्यातच होती, सगळं ऐकून राहिली होती. मला लई लाज वाटली. मंग तिला देवात बसवली. तुझी माय हाय ती."

मला राग आला. साठ वर्षं सगळ्या घरानं मिळून गप्प बसावं, याचा फार राग आला. पण समोर बघितलं तर टाकाला चेहराच नव्हता. नाक, डोळे, ओठ, सगळं सपाट. दर दिवाळीला मीच चिंच लावून, घासून घासून ते घालवलं होतं. ठशातला चेहरा कुणाचाच नसतो, एकाच ठशावर जिल्ह्यातल्या सगळ्या मेलेल्या बायका निघतात, हे मी गिऱ्हाइकांना कितीदा ऐकवलं होतं. तरी मी बोटानं तिथं नाक शोधत होतो.

"कशी दिसायची ती?" मी विचारलं. घरात तिचा एक फोटो नव्हता.

"मी तरी कुठं बघितलं होतं तिला? मी आले तवा ती नव्हतीच. सगळे म्हनायचे, पोरगं मायवर गेलंय." आईनं सूप बाजूला सारलं आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबली, नेहमीसारखी. "म्हनून तुझ्याकडं बघून घ्यायची मी तिला."