पॅकिंग लाइनचा गिदोन

चारचौघांत कुणी थट्टेनं तुमच्याकडे बोट दाखवून 'हाच आपला पुढारी' म्हटलं, आणि हसणारे सगळे मग गप्प होऊन तुमच्याकडे बघायला लागले, तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. बुटाची नाडी बांधायला खाली वाकाल. विवेक उजागरेही वाकला होता. त्याच्या बुटाला नाडीच नव्हती.

आयर्लंडमधल्या ॲथलोन गावाबाहेर एक कारखाना आहे, हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणारा. विवेक तिथं क्वालिटी इंजिनियर, आणि त्याची बायको नीलिमा पॅकिंग लाइनवर. लाइनवर बहुतेक बायका एजन्सीच्या, कुणी मराठी, कुणी फिलिपिनो, कुणी ब्राझीलची. एक दिवस मॅनेजर डेक्लननं जाहीर केलं, की पुढच्या महिन्यापासून लाइनला रविवारीही यावं लागेल. ज्यांना जमणार नाही त्यांचं कंत्राट वाढणार नाही.

रविवार म्हणजे मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना. हॉल तिथल्या चर्चच्या पॅरिशकडून मागून घेतलेला. पाळक डब्लिनहून महिन्यातून एकदा येणार, बाकीचे रविवार आपले आपण. स्लायगोच्या दोन नर्सा गाडी काढून येतात. त्यातून पॅकिंगवाल्या गेल्या तर पेटी वाजवायला माणूस नाही, कारण पेटी नीलिमाच वाजवते.

विवेकचा स्वतःचा रविवार शाबूत होता. इंजिनियरला सोमवार ते शुक्रवार. त्यात वर्क परमिट कंपनीच्या भरवशावर. तेव्हा आपण कशाला तोंड उघडायचं? कँटीनमध्ये कुणी विषय काढू नये म्हणून पठ्ठ्या डबा गाडीत बसून खायचा, काचा वर करून.

त्या रविवारी शास्त्रभाग वाचायची पाळी सुलभाकाकूंची होती. काकू राहुरीकडच्या, लेक गिरिजाच्या बाळंतपणाला आलेल्या. भाग निघाला बायबलातल्या गिदोनाचा. शत्रू पीक लुटून नेतो म्हणून हा गडी द्राक्षं तुडवायच्या कुंडात लपून गहू झोडतोय, आणि देवदूत नेमका त्यालाच शूर वीर म्हणून हाक मारतो. गिदोन म्हणतो, आमचं घराणं हलकं, घरात मी सगळ्यात धाकटा, दुसरा कुणी बघा. काकूंनी चष्म्यावरून हॉलभर नजर फिरवली.

"ह्यो लपून गहू झोडतोय, आन् आपल्यातला येक गाडीत लपून डबा खातोय. ह्यो बघा आपला गिदोन!"

हॉल खो खो हसला. मग एकेक जण गप्प होत गेला. नाडी बांधली ती तेव्हा.

घरी आल्यावर त्यानं नीलिमाला विचारलं, "काकू गंमत करत होत्या ना?"

"मला काय विचारतोस? त्यांना विचार."

फोन लावला. काकू म्हणाल्या, "म्या गंमतच केली बाबा. पर समदी गप का झाली, ते मला ठावं न्हाई."

आता याचा अर्थ काय लावायचा? देवाची हाक अशी थट्टेतून येते होय? का राहुरीच्या म्हातारीची जीभच तेवढी तिखट?

गिदोनानंही आधी खूण मागितली होती. लोकर खळ्यावर ठेवतो, दंव नुसतं लोकरीवर पडू दे, जमीन कोरडी राहू दे. शॅनन नदीकाठच्या कुरणाला काटेरी तार आहे, तिला मेंढ्यांची लोकर अडकलेली असते. विवेकनं ओंजळभर आणली आणि मागच्या अंगणात ठेवली. सकाळी बघतो तर लोकर ओली, जमीन ओली, कपड्यांची दोरी ओली, शेजाऱ्याचं कुत्रंसुद्धा ओलं.

नीलिमा चहाचा कप घेऊन दारात उभी. "आयर्लंडमध्ये कोरडी जमीन मागितलीस? अरे, देवाला काही चान्स तरी दे!"

"मग उलटं मागतो. जमीन ओली, लोकर कोरडी."

"माग बाबा."

दुसऱ्या दिवशी लोकर जागेवर नव्हतीच. एक मॅगपाय पक्षी शेवटचा पुंजका चोचीत धरून शेजारच्या छपरावर बसला होता. घरटं चाललं होतं त्याचं.

"हे 'हो' धरायचं का 'नाही'?" विवेक रडवेला झाला.

या वेळी नीलिमा हसली नाही. "'हो' मिळालं असतं तरी तू तिसरी खूण मागितली असतीस. शुक्रवारी या रविवारच्या सक्तीवरून डेक्लनबरोबर मीटिंग आहे. मी जाणार आहे. तू बस लोकर वेचत."

मीटिंगला वीसेक जणांनी 'येतो' म्हटलं होतं. शुक्रवार जवळ आला तशी एकेकाची तब्येत बिघडायला लागली. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात मोठ्यानं गर्जणाऱ्या इंद्रनीलनं मेसेज टाकला, 'ऑल द बेस्ट यार, इथं असतो तर आलोच असतो.' हा बहाद्दर कारखान्याच्या त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर बसलेला! लढाईला निघताना गिदोनाचीही माणसं अशीच घटली होती, पण तिथं त्यांना देव घरी पाठवत होता. इथं देव पाठवत होता का भीती, हे विवेकला कळेना. उरल्या नीलिमा, दोन फिलिपिनो बायका आणि ब्राझीलची रोझाना. त्यांच्यामागून विवेक आत शिरला. का शिरला, हे त्याला आजही सांगता येत नाही.

डेक्लननं मान वर केली. "तू तर लाइनवर नाहीस, विवेक. तुझा काय संबंध?"

इतके दिवस विवेक स्वतःला हेच वाक्य ऐकवत आला होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि त्याचं टाळकं सणकलं. पाठ केलेलं इंग्रजी भाषण कुठल्या कुठं गेलं.

"माझी बायको रविवारी प्रार्थनेत पेटी वाजवते, हा माझा संबंध. रविवारची सक्ती काढा. ज्याला जमेल तो येईल. माणूस कमी पडला तर लाइनवर मला उभं करा."

"ग्रँड, ग्रँड," डेक्लन म्हणाला. या देशात 'ग्रँड' म्हणजे हो, नाही आणि विषय संपव, तिन्ही. "पण अडचण पाचच जणांची दिसते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बसू. तेव्हा किती जण येतात बघतो, मग ठरवतो."

बाहेर आल्यावर विवेकनं विचारलं, "नीलू, देव होता का गं आत?"

"मला तर डेक्लनच दिसला. पण तुझा आवाज आज पहिल्यांदा मागच्या भिंतीपर्यंत पोचला."

त्या रविवारी विवेकनं खूण मागितली नाही. शुक्रवारी पाय लटपटू नयेत, एवढंच मागितलं. याला श्रद्धा म्हणतात का, ते त्याला माहीत नाही. तो मीटिंगला जाणार आहे, एवढं नक्की.

तुम्ही त्या लाइनवर असाल, किंवा वरच्या मजल्यावर बसून मेसेज टाकत असाल, तर येत्या शुक्रवारी दुपारी खाली या. बोलायचं नसेल तर बोलू नका. पण दार उघडून आत या आणि विवेकच्या शेजारी उभे राहा.