चौकोन क्रमांक सदतीस

मार्च १९८५, मंगळवार, सकाळी साडेदहा. माकणीजवळच्या एका गावातली शाळेची खोली. उपस्थित: दूध संस्थेचे नियोजित चेअरमन दिगंबरराव, संचालिका सुभद्राबाई, वयाने सर्वांत मोठे संचालक तात्या, सचिव मिलिंद, आणि सहकार प्रशिक्षक म्हणून मी. गैरहजर: एकमत.

आधीच्या दोन सभा एकाच प्रश्नावर मोडल्या होत्या. दूध मोजून घ्यायचं केंद्र कुठे ठेवायचं? दिगंबररावांना ते त्यांच्या मळ्याच्या फाटकाशी हवं होतं. मळा गावापासून दोन किलोमीटर. दुष्काळात बहुतेक घरं म्हशीवर चालली होती आणि दूध घालायला जाणार होत्या बायका. संध्याकाळी पाचला आमचे साहेब जीपने येणार होते. तोवर ठराव झाला तर नोंदणीची शिफारस, नाही तर फाईल बंद.

व्याख्यानाचा उपयोग नव्हता. ते दोनदा देऊन झालं होतं. म्हणून मी भूमिकाखेळ काढला. पुठ्ठ्यावर चौसष्ट चौकोनांचं एक खोटं गाव, प्रत्येक चौकोनावर पालथी चिठ्ठी आणि सापशिडीचा फासा. प्रत्येकाने दुसऱ्या कुणाचं तरी सोंग घ्यायचं. परिस्थिती मी सांगायची, काय करणार ते त्यांनी सांगायचं, जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं.

सुभद्राबाईंना चिठ्ठी निघाली 'चेअरमन'. तात्यांना 'टँकरवाला'. दिगंबररावांना 'धुरपदाबाई, एक म्हैस'.

"म्या धुरपदा? चिठ्ठी बदला मॅडम."

"चिठ्ठ्या बदलत नाहीत."

"मंग मिशीचं काय करू?"

"मिशी ऱ्हाऊ द्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "पदर तेवढा घ्या."

दिगंबररावांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला. मिलिंदला मी सांगितलं, "बोलतील ते सगळं लिहा."

माझ्या वहीत अशा खेळासाठी तीन रकाने असतात: भांडण, शोध, गोष्ट. कशाला किती मिनिटं गेली ते मी लिहून ठेवते. एकाच रकान्यात सगळा वेळ गेला की खेळ मेला.

पहिली चाळीस मिनिटं भांडण. मोठा आकडा पडेल तो जिंकणार, असा नियम होता. धुरपदाबाईंना लागोपाठ तीन सहा पडले. त्यांनी टँकर अडवला, चेअरमनकडून माफी घेतली आणि तीच माफी पुन्हा मोठ्याने मागायला लावली. पुठ्ठ्यावर कुणीही एक चौकोन हललेलं नव्हतं. मी नियम केला: भांडलं की पुढची पाळी गेली.

मग सुभद्राबाईंनी शोध हाती घेतला. "आदी समदं गाव बघू." चिठ्ठी उलटली, आटलेली विहीर निघाली. तिला पायऱ्या हायत का? बांध कुणाचा? वाटंत काटे हायत का? अर्ध्या तासात सतरा चिठ्ठ्या उलटल्या. धुरपदाबाई टॉवेलाखाली घोरू लागल्या. नियम दुसरा: एका पाळीला एकच चिठ्ठी.

विहीर दिसल्यावर तात्या सुरू झाले. निजामाच्या काळात येडशीला त्यांच्या मामाचा बैल अशाच विहिरीत पडला होता. चहा आला, चहा संपला, बैल आतच.

"तात्या, टँकर कुठं आहे?"

"येतोय की मॅडम. बैल तर वर येऊ द्या."

नियम तिसरा: गोष्ट एका कपात संपवायची, आणि गोष्टीने पुठ्ठ्यावरच्या गावात काहीतरी बदललं पाहिजे.

जेवणानंतर खेळ जमला. चेअरमन सुभद्राबाईंनी शांतपणे जाहीर केलं, "केंद्र माज्या मळ्यावर. चौकोन चौसष्ट." धुरपदाबाईंचं घर बारामध्ये, म्हणजे उभं-आडवं चालून दहा चौकोन लांब; फाशावर पडेल तेवढे चौकोन पुढे जायचं. ऊन कडक, त्यामुळे तीन पाळ्यांत पोचलं नाही तर दूध नासणार, असं मी सांगितलं.

दिगंबररावांना एक पडला, मग दोन, मग एक. दूध नासलं. खेळातल्या दुसऱ्या दिवशी वाटेत ओढा निघाला. दूध नासलं. तिसऱ्या दिवशी तात्यांनी रस्त्यात टँकर आडवा लावला आणि चाक कसं रुतलं त्याची गोष्ट सांगितली, बरोबर एका कपात. दूध नासलं.

"ही काय रीत झाली?" दिगंबरराव म्हणाले. "बाईमाणसानं चरवी घिऊन एवढ्या उन्हात एवढं लांब जायाचं व्हय?"

सुभद्राबाईंनी फासा त्यांच्यापुढे सरकवला.

"फासा टाका धुरपदाबाई," सुभद्राबाई म्हणाल्या.

दिगंबररावांनी फासा खाली ठेवला आणि उभं राहून ठराव मांडला. केंद्र गावात पाहिजे, हातपंपाशेजारी, पुठ्ठ्यावर हातपंपाची चिठ्ठी निघाली होती त्या चौकोन सदतीसमध्ये. टँकरवाल्याने अनुमोदन दिलं. सगळ्यांचे हात वर. मिलिंदने सह्या घेतल्या.

पाचला साहेब आले. त्यांनी प्रोसिडिंग बुक मागितलं. सभेत ठरलेलं त्यात लिहितात, पानांना नंबर असतात आणि पान फाडता येत नाही. साहेबांनी मोठ्याने वाचलं. "ठराव क्रमांक चार. संकलन केंद्र चौकोन क्रमांक सदतीस येथे असावे. सूचक, धुरपदाबाई." ते थांबले. "या सभासद आहेत?"

"नाहीत साहेब," मी म्हणाले.

"मग कोण आहेत?"

मी दिगंबररावांकडे पाहिलं. टॉवेल अजून डोक्यावर होता.

मिलिंद हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणालात सगळं लिहा." कुठल्या वहीत, ते मी सांगितलं नव्हतं. चूक माझी.

हा खेळ होता, एवढंच दिगंबररावांनी म्हटलं असतं तर तिसरी सभाही मोडली असती. त्यांनी टॉवेल काढला, वही ओढून घेतली आणि सही पाहिली.

"सही माजी हाय. सही करून म्या फिरत न्हाय. धुरपदाचं तुमी बघा."

"आणि चौकोन सदतीस?" साहेबांनी विचारलं.

सगळे बाहेर गेले. शाळेसमोरच्या हातपंपाशेजारी तात्यांनी काठीने चौकोन आखला. शिफारस मी जीपच्या बॉनेटवर लिहिली.

धडा दोन ओळींचा. भांडण, शोध आणि गोष्ट मापात द्यावी. खेळासाठी वेगळी वही न्यावी.

केंद्र तिथेच सुरू झालं. ठरावातलं सूचकाचं नाव मात्र दुरुस्त व्हायचं आहे. मिलिंदच्या मते त्यासाठी आधी सूचकाला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि धुरपदाबाईंचा पत्ता अजून मिळालेला नाही.